आरोग्यनोंदी जोडण्याचे काम राज्याचेच

देशात ७० कोटींहून अधिक ‘आभा’ म्हणजे आरोग्य खात्याचे क्रमांक काढले गेले आहेत. हे क्रमांक देणारे, २०२० च्या स्वातंत्र्यदिनी घोषित झालेले डिजिटल आरोग्य अभियान २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झाले. तेव्हापासून एक मत सर्रास मांडले जाते की, केंद्राने क्रमांक दिला, तांत्रिक नियम ठरवले, आता राज्य सरकारने वेगळे काही करण्याची गरज नाही. रुग्णालये हळूहळू संगणक घेतील आणि नोंदी आपोआप एकमेकांशी जोडल्या जातील. हे मत मुळातच चुकीचे आहे. १४ अंकी क्रमांक रुग्णाची ओळख पटवतो. त्याला कोणते औषध सोसत नाही, मागची शस्त्रक्रिया कशाची होती, हे त्या क्रमांकात नसते. या अभियानात नोंदी दिल्लीतल्या एखाद्या कोठारात साठवल्या जात नाहीत. त्या जिथे तयार झाल्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. रचना उत्तम आहे. पण रुग्णालयाने नोंद ठरलेल्या नमुन्यात ठेवलीच नसेल, तर रुग्णाने संमती देऊनही डॉक्टरला पडद्यावर काही दिसणार नाही. रुग्णालयाकडून ते करून घेण्याचा अधिकार कोणाचा? सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवले आहेत. तेव्हा ही जबाबदारी राज्याला टाळता येत नाही.

‘आपोआप’ या शब्दावर विसंबण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. तिथे २००९ च्या कायद्याने रुग्णालयांना आणि डॉक्टरांना संगणकीय नोंदी ठेवण्यासाठी अब्जावधी डॉलर दिले गेले. फेडरल सरकारची रुग्णालये वगळता, तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांपैकी जेमतेम ९ टक्क्यांकडे २००८ मध्ये प्राथमिक स्वरूपाची का होईना, अशी व्यवस्था होती. २०१५ मध्ये हे प्रमाण ८४ टक्क्यांच्या घरात गेले. नोंदींची देवाणघेवाण उभी करण्यासाठी राज्यांना सुमारे ५५ कोटी डॉलर वेगळे मिळाले. पैसा आला, यंत्रे आली, तरी नोंदी फिरल्या नाहीत. काही सॉफ्टवेअर कंपन्या आणि रुग्णालये माहिती जाणूनबुजून अडवतात, असे सरकारच्याच कार्यालयाला २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर लेखी मांडावे लागले आणि पुढच्याच वर्षी अशा अडवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. यात नवल नाही. ज्याच्याकडे फाइल, त्याच्याकडे रुग्ण, हे व्यवसायाचे साधे गणित आहे, आणि केवळ संगणक घेऊन दिल्याने ते बदलत नाही. ते कशाने बदलते, याचे उत्तर मेरीलँड राज्यात मिळते. तिथे रुग्णालयांचे दर १९७० च्या दशकापासून राज्याचा आयोग ठरवतो. २०१४ पासून तर रुग्णालयाचे वर्षभराचे उत्पन्नच आधी ठरवून दिले जाते. तेव्हा तीच तपासणी पुन्हा केली, रुग्ण टाळता येण्याजोग्या कारणाने पुन्हा भरती झाला, तर खर्चाचा भार रुग्णालयावर पडतो. त्याच राज्याने २००९ मध्ये ‘क्रिस्प’ या ना-नफा संस्थेला राज्याची अधिकृत देवाणघेवाण संस्था म्हणून नेमले. तातडीचे उपचार देणारी तिथली सारी रुग्णालये तिच्याशी जोडली गेली आहेत, आणि रुग्ण राज्यात कुठेही भरती झाला तरी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे सूचना पोहोचते. मेरीलँडची दरव्यवस्था आपल्याकडे उचलून आणता येणार नाही, हे मान्य. पण नोंदी जोडण्यात रुग्णालयाचे हित राहील किंवा न जोडण्याची त्याला झळ बसेल, अशी तजवीज राज्य करू शकते, हे तिथे दिसून आले आहे.

महाराष्ट्राला याची निकड जास्त आहे, कारण इथला गरीब रुग्ण एका जागी राहत नाही. बीडचा ऊसतोड कामगार वर्षातले काही महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो. गरोदर बाईची पहिली तपासणी गावच्या उपकेंद्रात झालेली असते, पुढची फडाजवळच्या एखाद्या खासगी दवाखान्यात होते, आणि दोन्हींचा मेळ घालणारा कागद असलाच तर तो ट्रंकेत कुठेतरी पडलेला असतो. ऊसतोड कामगार स्त्रियांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा घरोघर जाऊन सर्वेक्षण करावे लागले. एकेका रुग्णालयातला शस्त्रक्रियांचा आकडा एरवी नजरेत येईल अशी व्यवस्थाच नव्हती. दुसरीकडे, क्षयरुग्णांची नोंद देशभर ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर २०१२ पासून होते आहे आणि खासगी डॉक्टरांनीही ती करायची आहे. म्हणजे सरकारने सक्तीने मागितली की नोंद मिळते.

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप गोपनीयतेचा आहे. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांची माहिती फुटली तर माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते, हे खरेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. पण म्हणून कागद सुरक्षित ठरत नाही. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या असंख्य रुग्णांच्या कागदी फाइली बुडाल्या. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या नोंदी संगणकात असल्याने दुसऱ्या शहरांतल्या डॉक्टरांना दिसू शकल्या. शिवाय आपला केसपेपर कोणी चाळला, हे कागदावरून कधीच कळत नाही. एस्टोनियात २००८ पासून देशव्यापी व्यवस्था आहे आणि आपली नोंद कोणी उघडली हे तिथला नागरिक स्वतः पाहू शकतो. असाच हक्क इथेही कायद्याने द्यावा आणि नाजूक आजारांच्या नोंदींना वेगळे कुलूप ठेवावे. विमा कंपनीला किंवा मालकाला या नोंदींपर्यंत वाट असता कामा नये, हेही त्याच कायद्यात स्पष्ट लिहावे. गोपनीयतेच्या आक्षेपाने व्यवस्था कशी असावी हे ठरते; ती नसावी असे सिद्ध होत नाही.

डॉक्टरांची तक्रारही रास्त आहे. अमेरिकेतल्या चार राज्यांतल्या डॉक्टरांच्या २०१६ च्या अभ्यासात रुग्णाबरोबरच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावर आणि इतर टेबलकामात जात असल्याचे आढळले. तिथल्या नोंदी बिलांसाठी आणि अनुदानाच्या अटींसाठी फुगवल्या गेल्या. ती चूक आपण करू नये. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडून सविस्तर फाइल मागायचीच कशाला? सुरुवातीला रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि औषधांची यादी एवढ्या तीन गोष्टी पुरेत. यातल्या बऱ्याच गोष्टी आजही संगणकावरच टाइप होऊन छापल्या जातात.

राहिला प्रश्न सरकारच्या कुवतीचा. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालणारी संगणकीय प्रणाली २०२२ मध्ये पुरवठादाराशी झालेल्या वादात बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. हा दाखला सरकारविरुद्ध दिला जातो. त्यातून मला दिसते ते इतकेच की, नोंदी एका कंत्राटावर टांगून ठेवू नयेत. कंत्राटदार गेला तरी दुसऱ्याला त्या वाचता याव्यात, अशा खुल्या नमुन्यात त्या असल्या पाहिजेत आणि व्यवस्था कायद्याने स्थापन झालेल्या सार्वजनिक संस्थेच्या हाती असली पाहिजे.

यासाठी नवे कायदेशीर डोंगर उपसावे लागणार नाहीत. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्यात, हे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेपासून आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे आणि त्याखालचे नियम २०२१ मध्ये सुधारून रुग्णहक्कांची सनद त्यांत आणली गेली. त्याच नियमांत एक अट घालावी: ठरावीक मुदतीनंतर, रुग्णाने सांगितल्यास डिस्चार्ज कार्ड आणि तपासणीचे रिपोर्ट ठरलेल्या डिजिटल नमुन्यात न देणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण होणार नाही. छोट्या रुग्णालयांना ती मुदत जास्त द्यावी आणि सॉफ्टवेअर राज्याने मोफत पुरवावे. विधिमंडळाच्या सदस्यांनी येत्या अधिवेशनात हा बदल मागावा, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला विरोध करण्याआधी मसुदा लिहिण्यासाठी सरकारसोबत बसावे.