‘फँड्री’ मी अकरा मिनिटांत पाहिला होता

सुरुवातीलाच कबूल करतो. जवळजवळ दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो की ‘फँड्री’ माझा आवडता सिनेमा आहे, आणि तो मी पाहिलेलाच नव्हता. म्हणजे पाहिला होता, अकरा मिनिटांत. यूट्यूबवर एक जण अख्खी गोष्ट सांगतो, मागे सिनेमातली दृश्यं भराभर सरकत असतात, मध्ये एकदा तो चॅनेल सबस्क्राइब करायला सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘तर मित्रांनो, या चित्रपटातून आपल्याला संदेश मिळतो की...’ मला गोष्ट कळली होती, संदेश कळला होता आणि शेवटचा दगड तर मी रीलमध्ये पन्नासेक वेळा पाहिला असेल. जब्या, शालू, काळी चिमणी, सगळ्यावर बोलू शकायचो. कुणालाही कधी संशय आला नाही. आता यावरून समोरच्यांनी तो कसा पाहिला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर कुणीतरी प्रोजेक्टर पैदा केला. भिंतीवर चादर ठोकली, पंधरावीस पोरं गाद्या टाकून बसली आणि ‘फँड्री’ लागला. माझा रूममेट यायला तयार नव्हता. मीच त्याला ओढून आणलं. ‘अरे, फेव्हरेट आहे माझा, बघच तू.’

ज्यांनी खरोखर पाहिलाय त्यांना आठवत असेल, त्यात डुकराच्या मागे धावण्याचा प्रसंग किती वेळ चालतो ते. नागराज मंजुळे तो आवरतच नाहीत. कचरू, म्हणजे किशोर कदम, बायकापोरांना घेऊन डुकरामागे धावतोय. शाळेतली पोरं बघतायत, फोटो काढतायत, खिदळतायत. जब्या शालूला दिसू नये म्हणून लपायला बघतोय आणि बाप त्याला ओरडून पुढे ढकलतोय. डुक्कर हातात येणार तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे आणि डुक्कर निवांत निघून जातं. आमच्या खोलीत हशा पिकला. मीही हसलो, पोट धरून. प्रसंगाची रचनाच तशी आहे, हसू येतंच.

हसता हसता कधीतरी माझ्या लक्षात आलं की शेजारची गादी रिकामी आहे.

सिनेमा संपल्यावर तो मला जिन्यात भेटला. ‘संपला का?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘अरे, शेवट बघायला हवा होतास तू. काय शेवट आहे!’ तो म्हणाला, ‘शेवट मला माहितीये रे. तुम्ही कुठं कुठं हसता ते माहीत नव्हतं.’

त्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत डुकराचा प्रसंग एका वाक्यात होता: ‘मग जब्याला इच्छा नसताना डुक्कर पकडावं लागतं.’ यात चूक काहीच नाही. पण एवढंच ऐकून दगडापर्यंत आलेला माणूस तो दगड जब्याच्या बाजूने उभा राहून बघतो. मीही दोन वर्षं तसाच बघत होतो, रीलखाली मुठीचा इमोजी टाकत. सिनेमात मात्र दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि त्याआधीची कितीतरी मिनिटं कॅमेऱ्याच्या अलीकडे बसून आपण हसलेलो असतो. ती मिनिटं कापली की आपण सुटलो.

म्हणून माझं भांडण संदेशाशी आहे. रीकॅपवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण ती पोरं आपलंच काम करतायत. सिनेमा म्हणजे संदेश पोचवायचा टेम्पो आहे असं आपण आधी ठरवलं. मग माल उतरवून घेतल्यावर टेम्पोत दोन तास कशाला बसायचं? त्यांचा हिशोब अगदी बरोबर आहे.

हे ठरवलं कुठे? शाळेत, दुसरं कुठे! आम्हाला सातवीत हॉलमध्ये बसवून ‘श्यामची आई’ दाखवला होता. आचार्य अत्र्यांचा, १९५३ सालचा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. वनमालाबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. श्यामला रागावताना ती बाई जेवढी भीतीदायक वाटते, तेवढीच दमलेलीही दिसते. घरी आमची आईही संध्याकाळी तशीच दिसायची, आणि मला तेव्हा पहिल्यांदा तिची कीव आली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी वहीत लिहायला लावलं, ‘या चित्रपटातून मिळणारा बोध, दहा ओळी.’ मी मातृप्रेमावर दहा ओळी लिहिल्या आणि मला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला. दमलेल्या आईबद्दल एक ओळही त्यात नव्हती. ती बोधात बसत नव्हती.

पुढे ही सवय अंगात मुरते. ट्रेलरखाली ‘समाजाला आरसा दाखवणारा चित्रपट’ असं निर्मातेच लिहितात. थिएटरबाहेर माइक पुढे करून विचारतात, ‘काय मेसेज मिळाला?’ आणि बिचारा प्रेक्षक, जो आतमध्ये दोन मिनिटांपूर्वी रडत होता, घाईघाईत म्हणतो, ‘मुलांवर दबाव आणू नये.’ आपणही आवडत्या सिनेमांची यादी पोस्ट करतो ती अशी, की नावं वाचूनच आपण किती सुजाण आहोत हे कळावं. चार सामाजिक प्रश्न, एक इराणी, एक कोरियन. (माझ्या जुन्या यादीत तारकोव्हस्की होता. पाऊण तासात झोप लागली होती, पण होता.)

आता माझी खरी यादी सांगतो, आणि त्यातलं काय मला सोडवत नाही तेही.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ घ्या. २०१४ चा, व्हेनिसला गाजलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा. बोध हवा असेल तर एका ओळीत देतो: न्यायव्यवस्था संथ आहे आणि गरिबाला ती चिरडते. घ्या, झालं. हे तुम्हाला सिनेमाआधी माहीत नव्हतं का? नारायण कांबळे नावाचा लोकशाहीर, वीरा साथीदारांनी केलेला, त्याच्यावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. एवढी गोष्ट रीकॅपला पुरते.

पण मग ती सरकारी वकील बाई? गीतांजली कुलकर्णीने केलेली. कोर्टात ती कायद्याची कलमं अशी सपाट आवाजात वाचते की चीड येते. मग कोर्ट सुटतं आणि कॅमेरा तिच्यामागे जातो. लोकलमध्ये शेजारणीशी साडीच्या गप्पा, पोराला घेऊन घरी, स्वयंपाक, जेवणं. अगदी माझी मावशी! सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर ती मराठी नाटक बघायला जाते. त्या नाटकात परप्रांतीय पोराची टर उडवतात, त्याला हाकलतात, आणि अख्खं नाट्यगृह हसतं, टाळ्या वाजवतं. या प्रसंगाने खटला तसूभरही पुढे सरकत नाही. ‘अनावश्यक’ म्हणून सगळ्यात आधी कापला जाईल तो हाच. हॉस्टेलच्या त्या रात्रीनंतर मी तो पाहिला तेव्हा मात्र नाटकापेक्षा खुर्च्यांमधल्या माणसांकडेच बघत बसलो.

शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. दालन रिकामं होतं, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. आपल्याला वाटतं, संपला. संपत नाही. न्यायाधीश महाशय सहलीला गेलेत, रिसॉर्टमध्ये, हाफ पँट घालून. दुपारी बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. लहान पोरं येऊन ओरडतात, ते दचकून जागे होतात, पोरं पळतात, एक हाताशी सापडतं त्याला चापट बसते. मग पुन्हा डुलकी. एवढंच. याचा संदेश काय, असं मला एका मित्राने मनापासून विचारलं होतं. मला सांगता आला नाही. पण ऑफिसात, तहसीलमध्ये, बँकेत, जिथे म्हणून टेबलापलीकडचा माणूस माझ्यावर विनाकारण डाफरतो, तिथे ती दुपार मला आठवतेच.

‘सैराट’बद्दल तर बोलायलाच नको. त्या शेवटात मंजुळेंनी आवाजच काढून घेतला आहे. बाळ रडतं तेही ऐकू येत नाही, फक्त लाल पावलं उमटत जातात. मी पाहिलेल्या एका रीकॅपमध्ये तिथे व्हायोलिन घातलं होतं! आपल्याला दुःख झालं पाहिजे हे कळावं म्हणून.

‘उंबरठा’ला स्त्रीमुक्तीचा सिनेमा म्हणून जयंती-पुण्यतिथीला आठवतात. जब्बार पटेल, स्मिता पाटील, १९८२. मला त्यातली आई लक्षात राहते. महिलाश्रमात नोकरीला गेलेल्या सुलभाची स्वतःचीच मुलगी तिच्यापासून दूर होत जाते आणि सिनेमा त्यावर कुणालाच शाबासकी देत नाही, सुलभालासुद्धा. माझ्या बहिणीला गेल्या वर्षी बेंगळुरूला नोकरी लागली, दीड वर्षाची भाची आमच्याकडे राहिली. ‘उंबरठा’ आमच्या घरी टीव्हीवर लागला तेव्हा ती मधूनच उठून गेली. तिला कुठला बोध सांगू मी?

आणि अविनाश अरुणचा ‘किल्ला’. यात तर गोष्टही सांगण्यासारखी नाही. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झाली, पोराला तिथे करमत नाही, मग करमायला लागतं आणि पुन्हा बदली. पण पावसात त्या किल्ल्यावर चिन्मय मित्रांना हाका मारत फिरतो आणि हळूहळू त्याला कळतं की ते आपल्याला टाकून गेलेत. ते जे हळूहळू आहे, ते दीडपट वेगाने बघता येत नाही. करून बघा. पोरगा घाईत कुठेतरी चाललाय एवढंच दिसतं.

आता तुमची बाजू. वेळ नाही, हे मला मान्य आहे. दोन तास ट्रेनमध्ये, नऊ तास नोकरी किंवा क्लास. तिकिटं परवडत नाहीत, आणि मराठी सिनेमाला शो मिळतात ते कामाच्या दिवशी दुपारी बाराचे, तेव्हा कोण मोकळं असतं? मोठ्या पडद्याशिवाय सिनेमा नाही, असं म्हणणाऱ्या फिल्म सोसायटीवाल्या काकांचा मला तुमच्याइतकाच राग येतो. ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा फोनवरच पाहिला, एसटीत, एक इअरफोन बंद पडलेला असताना, तीन दिवसांत तुकड्यातुकड्याने. चालतं. रीकॅपही बघा, मीही बघतो, मारधाडवाले तर खुशाल बघतो. फक्त त्यानंतर ‘पाहिला’ म्हणू नका. आणि चारच सिनेमे का होईनात, वर्षाला चार, असे बघा की बोट त्या पुढे ढकलायच्या बटणावर जाणार नाही, कंटाळा आला तरी. कंटाळा कुठे येतो तेही बघा. मला ‘फँड्री’त कंटाळा कुठेच आला नव्हता, मजा येत होती, आणि मला आता लाज वाटते ती नेमकी त्या मजेची.

एक सिनेमा राहिला. तो माझ्या यादीत नव्हता, माझ्या त्या रूममेटच्या यादीत होता. त्याला मी नंतर विचारलं होतं, तुझा आवडता कुठला? मला वाटलं काहीतरी भारदस्त सांगेल. तो म्हणाला, ‘अशी ही बनवाबनवी’.

मी हसलो. म्हणजे, सगळ्यांनाच आवडतो तो. १९८८ पासून आजवर कुणी त्याच्यातून संदेश काढल्याचं ऐकिवात नाही, म्हणून तर टिकला असावा. मीम बनवतो आपण त्याचे.

डिग्रीनंतर आम्ही दोघं पुण्यात खोली शोधत होतो. सिनेमातली चौघं फिरतात त्याच शहरात. पहिल्या आठवड्यात सात घरं पाहिली. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. मग प्रत्यक्ष गेलो की प्रश्न सुरू व्हायचे. बॅचलर का? नॉनव्हेज खाता का? गाव कुठलं? आडनाव? माझं आडनाव ऐकून मान हलायची, त्याचं ऐकलं की जरा थांबून, ‘कळवतो तुम्हाला.’ सातव्या घरातून बाहेर पडल्यावर तो म्हणाला, ‘परशाला निदान साडी नेसून तरी खोली मिळाली.’

शेवटी खोली मिळाली ती माझ्या एकट्याच्या नावावर, आणि तो मालकांसाठी ‘अधूनमधून येणारा मित्र’ झाला. त्या खोलीत पहिल्या रात्री फॅनही लागलेला नव्हता. त्याने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि ‘बनवाबनवी’ लावला. सरपोतदारांच्या घराचं दार पहिल्यांदा वाजतं तिथून तो जो हसायला लागला, तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. मध्येच मालकांची पावलं जिन्यात वाजली, तसा त्याने हात पुढे करून आवाज बंद केला. आम्ही तसेच बसून राहिलो. स्क्रीनवर लक्ष्या पदर सावरत होता.

पावलं वर निघून गेल्यावर त्याने सिनेमा थोडा मागे घेतला आणि म्हणाला, ‘इथून परत बघू.’