आपल्या दुकानाचा फूट कोणता?

बाजार उघडण्याआधी आमचे व्यापारी बांधव सुताचा भाव विचारतात, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावून माल कोठवर आला ते विचारतात, कोणी सोन्याचा भावही उगाच विचारून ठेवतो. जुलै-ऑगस्ट आला की त्यात आणखी एका आकड्याची भर पडते, ती म्हणजे राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची. "आज किती?" "एकोणचाळीस." "म्हणजे अजून चार फूट आहेत." चहा संपतो आणि विषयही संपतो. आमची तक्रार अशी आहे की हा आकडा कोल्हापुरात लहानथोर सर्वांना तोंडपाठ असतो, पण त्याचा आपल्या मालाशी हिशेब कोणी मांडत नाही.

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ठरलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत ती ५६ फुटांच्या घरात पोहोचली. २०२४ च्या जुलैतही ४७ फूट ओलांडून गेली. आता ४३ फूट हा धोका कोणाचा? तो शहराच्या कारभाराचा आहे. यंत्रणेने केव्हा हालचाल करावी यासाठी काढलेली ती रेघ आहे. सुतारवाड्यातील गरीब कुटुंबांना सर्वांच्या आधी बोचके बांधावे लागते. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, कुंभार गल्ली यांची पाळी त्यानंतर येते. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराच्या पायरीला मात्र ५५ फुटांनाही पाणी लागत नाही. म्हणजे प्रत्येक दुकानाचा, प्रत्येक गोदामाचा, प्रत्येक कारखान्याचा आपला वेगळा फूट आहे. तो कोणता, हे किती जणांनी लिहून ठेवले आहे?

आम्ही कापडाच्या धंद्यात आहोत, म्हणून कापडाचेच बोलतो. पुराचे पाणी नुसते पाणी नसते, त्यात गाळ असतो, गटार असते, तेल असते. सुती माल पाणी पितो. भिजलेली गाठ चार माणसांनाही जागची हलत नाही, मग ती माळ्यावर कोण चढवणार? रंगीत थानाचा रंग शेजारच्या पांढऱ्या थानात उतरतो. वरून कोरडा दिसणारा तागा चार दिवसांनी उलगडावा तर आत बुरशी. असा माल किलोवर विकावा लागतो. चामड्याच्या कारागिराचे हाल याहून वाईट, कारण भिजलेले चामडे वाळले की लाकडासारखे होते आणि त्याची चप्पल होत नाही. यंत्रमागवाल्याला माग उचलून नेता येत नाही हे खरे, पण मोटर खोलून वर ठेवता येते, बीम आणि सुताचे कोन हलवता येतात. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो किती मिळणार हे नदीचा अभ्यास करणारी माणसे बऱ्याच आधी सांगू शकतात.

वेळेचे महत्त्व आमच्या बांधवांना वेगळे सांगायला नको. २०१९ साली १२ ऑगस्टला बकरी ईद होती आणि त्याच आठवड्यात शहर पाण्यात होते. ईदचा माल भरलेला, रक्षाबंधन तीन दिवसांवर, गणपतीच्या मालाची ऑर्डर गेलेली, आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर पाणी आल्याने आठवडाभर ट्रक थांबलेले. २०२१ साली २१ जुलैला ईद झाली आणि दोन दिवसांत पूर आला. ऐन हंगामात दुकान मालाने भरलेले असतानाच आमची नदी चढते. याला योगायोग म्हणून भागणार नाही, कारण पावसाळा आणि सण या दिवसांत पुष्कळदा एकत्रच येतात.

ही नदी चढते कशी, ते थोडक्यात पाहू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात. पाचवी सरस्वती लोकांनी श्रद्धेने मानलेली आहे. चारही नद्यांचे पाणी घाटमाथ्याकडून येते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील शिरोळला पाच-सहाशे. म्हणून कोल्हापुरात ऊन पडलेले असतानाही पूर येऊ शकतो. दुकानाच्या दारातून आभाळाकडे पाहून अंदाज बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. डोंगरात उतार मोठा असतो तेथे पाणी धावते. शहराच्या खाली जमीन सपाट होते, नदी वळणे घेत संथ चालते आणि नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. त्या वेळी कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेला पुढे सरकायला जागा मिळत नाही, पाणी मागे तुंबते. आपल्याकडचा पूर लवकर उतरत नाही त्याचे मोठे कारण हे आहे.

कोयनेचे दरवाजे उघडले की बाजारात "आता कोल्हापूर बुडाले" अशी आवई हमखास उठते. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत येते आणि सांगलीकडे जाते, ते कोल्हापुरात येत नाही. पण त्याने कृष्णा चढते आणि आपल्या पंचगंगेची वाट अडते. म्हणून आवई खोटी असली तरी कोयनेच्या बातमीकडे पाठ फिरवू नये. ज्याचा माल शिरोळ, कुरुंदवाड, इचलकरंजीत आहे त्याने सांगलीच्या आयर्विन पुलाचाही आकडा रोज पाहावा. तेथे इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना.

येथे एक घोटाळा होतो. इचलकरंजीत पंचगंगेची इशारा पातळी ६८ फूट आणि धोका पातळी ७१ फूट आहे. कोल्हापूरचा माणूस हे ऐकून घाबरतो, इचलकरंजीचा माणूस आपल्या ४३ ला हसतो. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळ्या उंचीवर बसवलेला असतो. एका गावचा फूट दुसऱ्या गावच्या फुटाशी लावणे म्हणजे वाराच्या भावाची मीटरच्या भावाशी तुलना करण्यासारखे आहे.

दुसरा घोटाळा शब्दांचा. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमच्या पिढीतील कित्येकांना 'विसर्ग' म्हणजे काय ते वयाच्या चाळिशीत कळले, आणि 'क्युसेक' तर मराठी शाळेत शिकलेल्यालाही विचारून पाहा. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, म्हणजे दीडदोन बादल्या. राधानगरी धरण हे राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचे काम. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्याच दाबाने ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिले की एक टीएमसी होते. या हिशेबाने सातही दरवाजे चोवीस तास उघडे राहिले तर एक टीएमसीला थोडे कमी पाणी खाली येते. राधानगरीची सगळी साठवणच ८.३६ टीएमसी आहे. ज्याला खतावणी जमते त्याला हा हिशेब जड नाही. बातमीत "राधानगरीचे चार दरवाजे उघडले" असे आले की पाणी किती आणि कोठून येत आहे हे समजावे, म्हणून हा खटाटोप.

सर्वांत मोठा गैरसमज निळ्या आणि लाल रेषेचा आहे. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ नंतर कित्येक जण म्हणाले, शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत चिंता नाही. दोन वर्षांतच २०२१ चा पूर आला. शास्त्रज्ञ 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणतात तेव्हा त्यांना असे म्हणायचे असते की दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता आहे, आणि ती शक्यता पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच असते. पूर वार लावून येत नाही. त्या हिशेबाने लाल रेषेवर असलेल्या दुकानाला तीस वर्षांच्या धंद्यात एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता शंभरात सव्वीस होते. निळ्या रेषेवरच्या गोदामाला दहाच वर्षांत शंभरात तेहतीसच्या वर. तीनातला एक गिऱ्हाईक बुडवणारच अशी खात्री असेल तर आपण उधार देऊ का? मग निळ्या रेषेतला गाळा पागडी कमी आहे म्हणून घेताना हा विचार कोठे जातो? स्वस्त गाळ्याची बाकीची किंमत नदी वसूल करते.

हे हिशेबही मागच्या पावसाच्या नोंदींवर बांधलेले आहेत, आणि पाऊस बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली इतर संशोधकांच्या साथीने दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. तो पट्टा आपला घाट नव्हे, हे खरे. पण २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, शिरोळला वर्षभरात पडतो तेवढा. त्या वर्षी पंचगंगेचा चढही फार वेगाने झाला. २०१९ ला माल हलवायला जेवढा वेळ मिळाला तेवढाच पुन्हा मिळेल असे धरून बसलेले फसले.

अलमट्टीचे काय, असे वाचक विचारतील. बाजारात पुराची चर्चा अलमट्टीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि कर्नाटकला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. २०१९ च्या पुरानंतर शासनाने जलसंपदा खात्याचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०२० च्या अहवालात अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणे यांवर बोट ठेवले, अलमट्टीवर नाही. हे सर्वांना पटलेले नाही, आणि धरणाची उंची वाढू नये म्हणून लढणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. दोन राज्यांनी तज्ज्ञ बसवून त्याचा निकाल लावावा. पण तो लागेपर्यंत आमच्या गोदामातले पाणी वाट पाहणार नाही. आणि नाल्यावर भराव टाकून बांधलेला गाळा आपल्याच पेठेत उभा राहतो, त्याबद्दल आपण चहाच्या टपरीवर कधी बोलत नाही, हे आम्हाला खटकते.

"जे तकदिरात असेल ते होईल" असे काही बुजुर्ग म्हणतात. तेच बुजुर्ग रात्री दुकानाला तीन कुलुपे लावतात. पाण्याच्या बाबतीतच तवक्कुल का आठवावा?

विम्याचे दोन शब्द. विमा घ्यावा की नाही याबद्दल आमच्या समाजात दोन मते आहेत, त्यात आम्ही पडत नाही. जे घेतात त्यांनी पुराचे कलम पॉलिसीत आहे ना हे पाहावे आणि मालाची पूर्ण रक्कम लिहावी. दहा लाखांचा माल असताना पाच लाखांचा विमा काढला आणि दोन लाखांचे नुकसान झाले तर 'अ‍ॅव्हरेज'च्या कलमाने एकच लाख हातात येतो. २०२१ च्या एप्रिलपासून पाच कोटींपर्यंतच्या लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे. तिच्यात पूर धरलेला आहे आणि पंधरा टक्क्यांपर्यंतची कमी रक्कम माफ आहे. साठ्याची वही मात्र दुकानात खालच्या कपाटात ठेवू नये, कारण ती मालाबरोबर भिजली तर सर्व्हेअरला दाखवणार काय? जे विमा घेत नाहीत त्यांना तर नदीचा आकडा हाच आधार आहे.

तेव्हा करावे काय? आमची सूचना साधी आहे आणि तिला खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे. २०१९ आणि २०२१ चे पाणी आपल्या भिंतीवर कोठवर आले ते प्रत्येकाला ठाऊक आहे, कित्येक भिंतींवर तो डाग अजून आहे. तेथे रेघ मारावी आणि त्या वर्षाची बंधाऱ्याची सर्वांत उंच पातळी लिहावी. पुढच्या वेळी पाणी पहिल्या पायरीला लागेल त्या घटकेला बंधाऱ्यावर किती फूट होते ते टिपून ठेवावे. तो आपला फूट. त्याच्या तीन-चार फूट आधी गाठी हलवायला सुरुवात करायची, मग शहराची धोका पातळी काहीही असो. हमाल, टेम्पो आणि उंचावरची जागा जूनमध्येच बोलून ठेवावी, कारण ऐन वेळी टेम्पोचा भाव कोणाच्या हातात राहत नाही.

प्रशासनाकडे पातळीनिहाय बाधित भागांच्या याद्या असतात. पण यादीत भागाचे नाव येते, आपल्या दुकानाची पायरी येत नाही. ती नोंद आपणच देऊ शकतो. एका पेठेतील पन्नास दुकानांचे आकडे एकत्र केले तर त्या पेठेचा असा नकाशा तयार होईल की नदीचा अभ्यास करणाऱ्यांनाही तो हवासा वाटेल. असोसिएशनने त्यासाठी एक वही घालावी, आणि पावसाळ्यात रोज सकाळी बंधारा, राधानगरी आणि कृष्णा यांचे आकडे मराठीत व उर्दूत एका फळ्यावर लिहायला एक मुलगा नेमावा. सुताचा भाव लिहिणारा मुलगा आहेच. त्यालाच आणखी तीन ओळी लिहायला सांगितल्या तरी पुरे.