मिनिटाची कुस्ती आणि अडीच तासांची

कुस्त्या भरवून पोट भरणाऱ्या माणसाचा खरा शत्रू कोण? रिकाम्या खुर्च्या, असे तुम्ही म्हणाल. आम्ही म्हणू, भिंतीवरचे घड्याळ.

१९०४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात जॉर्ज हॅकेनश्मिट आणि तुर्कस्तानचा अहमद मद्राली यांची कुस्ती लागली होती. गाड्यांची इतकी दाटी झाली की रस्ते तुंबले. माणसे कशीबशी आत पोचली, जागेवर बसली, आणि हॅकेनश्मिटने मद्रालीला उचलून असा आपटला की त्याचा खांदाच निखळला. खेळ खलास! सारा मामला मिनिटाच्या आत आटोपला. ज्या गृहस्थाने नेमका त्याच वेळी चष्मा पुसायला काढला असेल, त्याचे तिकिटाचे पैसे पाण्यात गेले.

पुढे सहाच वर्षांनी, १९१० साली, त्याच लंडनमध्ये आपला गामा पैलवान उतरला. उंची बेताची म्हणून तिथल्या दंगलीत त्याला प्रथम कोणी घेईना. तेव्हा त्याने उघड आव्हान दिले : कोणतेही तीन मल्ल आणा, अर्ध्या तासात तिघांना चीत करतो. अमेरिकेच्या डॉ. रोलरला त्याने लोळवले आणि मग १० सप्टेंबरला पोलंडचा बलाढ्य स्टॅनिस्लॉस झ्बिस्को त्याच्यासमोर आला. सलामी झडताच गामाने त्याला खाली घेतला. झ्बिस्कोने शहाणपण केले. तो पोटावर पालथा पडला, हातपाय पसरले आणि घोरपडीसारखा गादीला चिकटून राहिला. थोडेथोडके नव्हे, अडीच तासांहून अधिक! प्रेक्षक हुर्यो करून थकले. कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा लढत ठरली ती १७ तारखेला. त्या दिवशी झ्बिस्को फिरकलाच नाही. ‘जॉन बुल’चा पट्टा गामाच्या कमरेला चढला. (१९२८ साली पतियाळ्याला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. असो.)

आता कुस्ती भरवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. खरी कुस्ती एक तर डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपते, नाही तर संपता संपत नाही. तिकीट घेऊन आलेल्या माणसाला मात्र दोन तासांची करमणूक हवी असते आणि शेवटची बस चुकवायची नसते. हॅकेनश्मिटचा व्यवस्थापक कोक्रन हा नाटकधंद्यातला पक्का माणूस. बाबा रे, इतक्या लवकर जिंकू नकोस, समोरच्याला थोडा वेळ टिकू दे, ही शिकवण त्यानेच आपल्या पैलवानाला दिली. युरोपातला पुढचा सारा धंदा या एका सल्ल्यात सामावलेला आहे. आपल्या भाषेत या प्रकाराला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द आपण शिवीसारखा वापरतो. तिकडे त्यावर हजारो घरांच्या चुली पेटल्या.

इंग्लंडात १९३० नंतरच्या काळात या कुस्तीला अगदीच धरबंध उरला नव्हता. मारामारीचा इतका अतिरेक झाला की महायुद्धापूर्वीच लंडनमध्ये तिच्यावर बंदी आली. युद्धानंतर १९४७ साली नवे नियम ठरले, त्यांना नाव मिळाले लॉर्ड माउंटएव्हन्स यांचे. कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेले दर्यासारंग ते हेच. नियम मोठे सुटसुटीत. ठरावीक मिनिटांच्या फेऱ्या. दोनदा चितपट केले, दोनदा हार कबूल करायला लावली किंवा प्रतिस्पर्ध्याला दहा आकडे मोजेपर्यंत उठता आले नाही, की विजय. आगळीक केली तर जाहीर ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला घरचा रस्ता. गंमत पाहा, निकाल आधीच ठरलेल्या खेळाला एवढे काटेकोर कायदे! पण कायदा असल्याखेरीज तो मोडणारा खलनायक तरी कुठून आणणार?

१९५२ साली प्रमुख व्यवस्थापकांनी ‘जॉइंट प्रमोशन्स’ हा संघ काढला. ब्रिक्स्टनचे डेल मार्टिन, लीड्सचे रेल्विस्को आणि ग्रीन वगैरे मंडळींनी एकेक मुलूख वाटून घेतला, वतनदारांसारखा. यांतल्या रेल्विस्कोचे वडील १९०८ च्या ऑलिंपिकमधले सुवर्णपदक विजेते. घराणे अस्सल कुस्तीचे. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू पैलवानांनाच ठाऊक. संघाबाहेरच्या माणसाकडे कुस्ती केली, की संघाची दारे बंद. मग मोबदला किती आणि हरायचे केव्हा, हे ठरवणार कोण, ते सांगायला नको.

१९५५ च्या नोव्हेंबरात हा खेळ दूरचित्रवाणीवर आला आणि शनिवारी दुपारी चारला फुटबॉलच्या निकालांची वाट पाहणारे अख्खे कुटुंब त्यासमोर बसू लागले. केंट वॉल्टनचे समालोचन म्हणजे घरातल्याच कुणाचा आवाज. मिक मॅकमॅनस हा बुटका, काळ्या केसांचा लबाड गडी. त्याच्या कानाला कोणी हात लावलेला त्याला मुळीच खपत नसे. जॅकी पॅलो केसांना फीत बांधून यायचा. १९६३ साली फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या अंतिम सामन्याच्या दिवशी या दोघांची झुंज दाखवली गेली. पुढच्या रांगेतल्या आजीबाई तर खलनायक जवळून जाऊ लागला की हातातल्या पिशवीने त्याला झोडपत, प्रसंगी टोपीची पिनही टोचत. ते रक्त मात्र नाटकातले नव्हे.

प्रत्येक देशाने हा खेळ आपापल्या स्वभावाप्रमाणे वळवून घेतला. व्हिएन्नाला हॉयमार्क्टवर हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचा क्लब असे, त्याच आवारात उन्हाळ्यात उघड्यावर कुस्त्या रंगत. जर्मनी-ऑस्ट्रियात एकेक स्पर्धा आठवडेच्या आठवडे चाले. रोज संध्याकाळी सारे पैलवान वाजतगाजत रिंगणात येऊन मानवंदना देत आणि गुणांचा तक्ता पुढे सरके. ग्राट्सचा ऑटो वान्झ टेलिफोनची जाडजूड पुस्तके हातांनी फाडून दाखवी. पुढे कुस्त्या भरवणारा म्हणूनही त्याने मोठे नाव काढले. पॅरिसमध्ये ‘शुभ्र देवदूत’ विरुद्ध ‘बेथ्यूनचा जल्लाद’ असा पुराणातला सामना रंगे. रोलाँ बार्थ या पंडिताने १९५७ च्या आपल्या ग्रंथात पहिलाच लेख यावर लिहिला : ही क्रीडा नव्हे, तमाशा आहे, पापाला शासन झालेले डोळ्यांनी पाहावे, एवढ्यासाठी लोक येतात. आमच्या मते, मुंबईत दारासिंग-किंगकाँगच्या झुंजी पाहायला जाणाऱ्यांना हे पंडिताने सांगण्याची गरज नव्हती.

पण पंडितांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. निकाल खोटा असला तरी पैलवान खरा लागतो. लँकेशायरमधल्या विगन या कोळशाच्या गावी बिली रायलीची तालीम होती. तिथे दिखाऊ काही नव्हते. सांधा कसा पकडायचा आणि माणसाला नाही म्हणण्याची सोयच कशी ठेवायची नाही, एवढेच शिकवत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बेल्जियमतर्फे लढलेला कार्ल गॉच इथे आला आणि त्याला पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागली. अशी माणसे रात्री गावोगावच्या सभागृहांत ठरल्याप्रमाणे हरत. त्यांच्या हरण्यातही पाहण्यासारखे काही असे, ते या विद्येमुळे.

१९७५ च्या सुमारास संघाची सूत्रे मॅक्स क्रॅबट्रीकडे आली. त्याने आपल्या भावाला, शर्लीला, ‘बिग डॅडी’ म्हणून पुढे आणले. अवाढव्य पोट, चमकदार पोशाख, लहान मुलांचा भलताच लाडका! कुस्ती मात्र बेताची. १९८१ साली वेम्बलीला त्याची आणि राक्षसी देहाच्या जायंट हेस्टॅक्सची बहुचर्चित झुंज झाली. तीन मिनिटांच्या आत संपली. ऑलिंपियाची कुस्तीही अशीच झटपट संपली होती, पण तिथे अंगातली ताकद कारण होती. इथे दोघांनाही दम पुरणार नाही, हे कारण.

२३ ऑगस्ट १९८७ रोजी ग्रेट यार्मथला एका खेळात बिग डॅडी नेहमीप्रमाणे माल्कम कर्कच्या अंगावर पोटाने कोसळला. कर्क एके काळचा खाणकामगार, वय ५१, रिंगणातले नाव ‘किंगकाँग’. ठरल्याप्रमाणे तो निपचित पडला. तो उठला नाही, तेव्हा लोकांना तो खेळाचाच भाग वाटला असल्यास नवल नाही. त्याला आधीपासून हृदयविकार होता असे चौकशीत निघाले आणि बिग डॅडीवर ठपका आला नाही. जॅकी पॅलोने १९८५ सालीच पुस्तक लिहून या धंद्याचे बिंग फोडले होते. त्याने लोक फारसे दुखावले नव्हते. पण आता काही तरी उतरले ते उतरलेच. १९८८ च्या डिसेंबरात शनिवारची कुस्ती पडद्यावरून गेली.

धंदा मेला नाही. २०२३ साली वेम्बलीच्या मैदानावर अमेरिकन कंपनीचा खेळ पाहायला ७० हजारांहून अधिक माणसे जमली. आणि विगनजवळच्या आस्पुल गावी रायलीच्या तालमीतून निघालेल्या एका शिष्याने गावातल्या पोरांना शिकवायला घेतले. तिथे तिकीट नाही, समालोचक नाही. कोणी मिनिटात चीत होतो, कोणी झ्बिस्कोसारखा गादीला चिकटून बसतो, आणि त्याला तसे बसू देतात.