स्वसंरक्षणाचा अधिकार आणि पात्याची लांबी

डिसेंबर २०१२ मध्ये राजधानी दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर झालेल्या अमानुष अत्याचाराने अवघा देश हादरला. त्यानंतरच्या महिन्यातच, जानेवारी २०१३ मध्ये, शिवसेनेने मुंबईत महिलांना छोटे चाकू वाटले. कुणी या उपक्रमाचे कौतुक केले, कुणी नाके मुरडली. चर्चा झाली ती मुख्यतः राजकारणाची. पण तो चाकू पर्समध्ये ठेवून रात्रीच्या लोकलमधून एकटी उतरणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने कोण? आत्मरक्षणास सज्ज असलेली नागरिक, की गुन्हेगार? या प्रश्नाचे सरळ उत्तर आजही सामान्य माणसाला कुठे मिळत नाही.

‘सहा इंचांपर्यंत चालते’ असे चारचौघांत छातीठोकपणे सांगितले जाते. शस्त्र नियमांतील आकडा मात्र निराळा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे, तलवारी, भाले यांची वर्गवारी १९६२ च्या नियमांत होती, ती २०१६ च्या नव्या नियमांतही कायम राहिली. घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक वापरासाठी घडवलेली हत्यारे तीतून वगळलेली आहेत. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४ असे सांगते की, अग्निशस्त्रांखेरीज इतर शस्त्रांना परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे निर्दिष्ट केलेल्या क्षेत्रातच. म्हणजे एकाच सुऱ्याचा कायदेशीरपणा गाव बदलले की बदलू शकतो. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या व खटक्याच्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी वेगळीच मर्यादा घातली. या अधिसूचनेचा अर्थ पोलिसांनाही धड लावता आला नाही. अशा चाकूबद्दल दिल्लीत दाखल झालेला एक गुन्हा अखेर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अधिसूचनेचा रोख निर्मिती, विक्री आणि विक्रीसाठी बाळगणे यांवर होता, आणि आरोपपत्रात तसा आरोपच नव्हता. एका चाकूचा निकाल लागायला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागावे, याला काय म्हणावे?

महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) अन्वये पोलीस आयुक्त व जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी मनाई आदेश काढतात. सणवार, निवडणुका, आंदोलने, निमित्त कोणतेही असो, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, काठ्या, लाठ्या बाळगण्यास त्या काळापुरती बंदी होते. गंमत अशी की, केंद्राच्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाची वस्तू म्हणून लाठीला आणि साध्या हातकाठीला ‘शस्त्र’ या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. दिल्लीच्या कायद्यात जी लाठी शस्त्र नाही, ती मुंबईच्या कायद्याखालील आदेशात प्रतिबंधित वस्तू ठरते! हे आदेश प्रसिद्ध होतात, नाही असे नाही. पण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील दोन-चार ओळी किती नागरिक वाचतात? पोलीस ठाण्याच्या कागदावर मात्र ‘शस्त्र अधिनियम कलम ४, २५ सह पोलीस अधिनियम ३७ (१), १३५’ ही शब्दावली ठरलेलीच असते.

या आदेशांचा धाक नेमका कुणाला वाटतो, हे पुण्याने अनुभवले आहे. ऊसतोडीचा कोयता हे शेतकऱ्याचे हत्यार. २०२२-२३ मध्ये तेच हाती घेऊन मिसरूड न फुटलेली पोरे भर रस्त्यात दहशत माजवू लागली आणि ‘कोयता गँग’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत रुळला. कोयता मूळचा शेतकी उपयोगाचा असल्याने शस्त्र नियमांच्या वर्गवारीत त्याचे स्थानही संदिग्धच. गुंडाला मनाई आदेशाची फिकीर नसते, आणि आदेशाची फिकीर असणारा पांढरपेशा माणूस हात हलवत घरी जातो. बंदी पाळतो तो, मारही खातो तोच.

वास्तविक आत्मरक्षणाचा अधिकार भारतीय कायद्याने कधीच नाकारलेला नाही. भारतीय दंड विधानाची कलमे ९६ ते १०६ त्यासाठीच होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ या रूपाने ती तशीच पुढे आली. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला यांची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. मर्यादा दोन : शासनाची मदत घेण्यास अवधी असता कामा नये, आणि प्रतिकार गरजेपेक्षा अधिक नसावा. २०१० मध्ये पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराची सूत्रे नव्याने मांडताना, प्राणावर बेतलेल्या माणसाकडून सोन्याच्या काट्याने तोललेल्या प्रतिकाराची अपेक्षा करता येणार नाही, अशीच भूमिका घेतली. थोडक्यात, वार परतवण्याची मुभा आहे. तो कशाने परतवावा, यावर मात्र कायद्याची भाषा चाचरू लागते.

हे चाचरणे वारशाने आलेले आहे. १८७८ चा शस्त्र कायदा परकीय सत्तेने आणला, तो नेटिवांच्या हाती शस्त्र नको म्हणून. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत यावा म्हणून संविधान सभेत दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, दुरुस्ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांची चिंता गैर नव्हती. सरसकट हक्क दिला, तर गुन्हेगारी टोळ्यांनाही तो नाकारता आला नसता. ती भीती आज अधिकच खरी आहे. पण हक्क नाकारणे वेगळे आणि मर्यादा धूसर ठेवणे वेगळे.

मर्यादा स्वच्छ आखता येते, याचे उदाहरण घरातच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाने शीख बांधवांचे कृपाण धारण करणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग मानला. २०२२ मध्ये विमान प्रवासासाठी नियम करताना पाते सहा इंच आणि एकूण लांबी नऊ इंच असे दोन आकडे लिहिले गेले. प्रवाशाला कळते, सुरक्षारक्षकालाही कळते. इंग्लंडचा नियम तर भारतापेक्षा कितीतरी कठोर आहे. घडीच्या चाकूचे पाते तीन इंचांपर्यंत चालते, त्यापुढे सबळ कारण लागते, आणि ‘स्वसंरक्षणासाठी’ हे कारण तिथे चालत नाही. तो कठोरपणा भारताने उचलावा असे मुळीच नाही. स्पष्टता मात्र उचलण्याजोगी आहे.

चाकू म्हणजे अभयकवच, असा भ्रमही कुणी बाळगू नये. सराव नसलेल्या हातातला चाकू हिसकावला जातो आणि तोच उलटतो. शाळा-महाविद्यालयांतून मुलींना मिळणारे स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण, रात्री उजेड असलेला रस्ता आणि हाकेला धावून येणारा शेजार यांचे मोल पात्याहून मोठे आहे. पण हे तिन्ही ज्या रात्री लाभत नाही, त्या रात्रीचे काय?

राज्याच्या गृहखात्याने निदान एवढे करावे : कोणत्या लांबीचे, कोणत्या प्रकारचे साधन सोबत ठेवता येते, ते सोप्या मराठीत एका पानावर छापावे. कलम ३७ चा प्रत्येक आदेश, त्याच्या मुदतीच्या तारखांसह, पोलीस ठाण्याच्या फलकावर आणि रेल्वे स्थानकावर लावावा. आणि झडतीत सापडलेल्या चाकूची नोंद करताना तो कुणाकडे, कुठे आणि कोणत्या स्थितीत सापडला, हे ठाणे अंमलदाराने लिहून घ्यावे. रात्रपाळीहून परतणारी परिचारिका आणि दुचाकीवरून कोयता परजत जाणारा टोळभैरव यांच्यावर एकाच छापाचा कागद भरला जाऊ नये.