आधी तो बल्ब बंद करा

पावसाळ्यात एखाद्या रात्री कॉलनीत कुणाकडे तरी ब्रह्मकमळ उमलतं. साडेदहा-अकराला शेजारीपाजारी जमतात, कुणी हळदकुंकू वाहतं आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात. सकाळी व्हॉट्सॲपवर तेच फूल कुणाकडून पिवळट येतं, कुणाकडून निळसर, कुणाकडून चक्क हिरवट. खरं फूल तोवर मान टाकून मोकळं झालेलं असतं. शहानिशा करणार कशाशी?

गेल्या श्रावणात आमच्या गॅलरीत तीन फुलं एकदम उमलली. मी फ्लॅश लावून चाळीसेक फोटो काढले. संगणकावर पाहतो तर पाकळ्या नीळ जास्त झालेल्या धोतरासारख्या! गॅलरीतला बल्ब पिवळा, २७०० केल्विनचा. फ्लॅशचा उजेड ५५०० च्या आसपास, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. कॅमेऱ्याने बल्ब पाहून पिवळेपणा कापला; फुलावर मात्र फ्लॅश पडला होता, ते निळं झालं. मग संगणकावर रंगतापमानाची पट्टी पिवळ्याकडे सरकवली. पाकळ्या सुधारल्या, पण मागच्या भिंतीला हळद लागली. दोन तऱ्हांचे उजेड एका पट्टीने सरळ होत नाहीत. बायको खांद्यावरून बघत म्हणाली, "अहो, आधी तो बल्ब बंद करायचा की!" तिचंच खरं होतं.

भाच्याने एका बटणात फोटो 'दुरुस्त' करून दिला. फूल दुधासारखं झालं, पण केसरांचा सायीसारखा रंग गेला, देठाकडची लालसर झाक गेली. माझा आक्षेप इथेच आहे. दोष उजेडाचा होता, शिक्षा फुलाला कशाला?

आता मी पहिल्या फोटोत फुलाशेजारी एक करडं कार्ड धरतो, रॉ फाइल ठेवतो आणि नंतर त्या कार्डावर टिचकी मारून रंग जुळवतो. पाकळीवर टिचकी मारण्यात अर्थ नाही. फ्लॅशने ती इतकी पांढरी फटक पडलेली असते की तिच्यात रंगाची नोंदच उरत नाही. फ्लॅश भिंतीवरून परतवायचा तर भिंतही पांढरी हवी. आमची पोपटी आहे. तिच्यावरून आलेल्या उजेडात मोगराही हिरवा होतो.

गोकर्णाची गोष्ट वेगळी. कार्ड अचूक करडं दिसत असतानाही तो फोटोत जांभळा येऊ शकतो. बरीच निळी फुलं आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल उजेडही परत फेकतात आणि कॅमेरा तो टिपतो. तिथे सगळा फोटो न हलवता फक्त जांभळा तेवढा निळ्याकडे न्यावा, तोही ताजं फूल समोर ठेवून.

ब्रह्मकमळाच्या बाबतीत ती सोय रात्रीपुरतीच. तेव्हा यंदा कळी फुगली की बल्ब बंद करा, एक फोटो कार्डासह काढा आणि मग मोबाइल खिशात घालून ते फूल जरा डोळे भरून बघा. रंग जुळवताना ती आठवणच कामाला येते.