क्लच नसलेली गाडी

घरी नवी गाडी आली की तिची पूजा होते, पेढे वाटले जातात आणि सोबतची माहितीपुस्तिका कप्प्यात पडून राहते. स्वयंचलित गिअरच्या गाडीबाबत हे परवडणारे नाही. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे क्लचची गाडी चालविली, त्यांचे हातपाय जुन्याच सवयीने चालतात.

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ स्वस्त स्वयंचलित गिअर घेऊन बाजारात आली आणि अशा गाड्या मध्यम ऐपतीच्या घरांतही दिसू लागल्या. आज चाकूरसारख्या तालुक्याच्या गावीही त्यांचे नवल राहिलेले नाही.

खरा धोका महामार्गावर नाही, दुकानाच्या दारात आहे. मोंढ्यात गाडी गोदामासमोर उभी करून, दांडा ‘डी’वर आणि पाय ब्रेकवर ठेवून मालक शटर उघडणाऱ्या मुलाशी बोलत असतो. सूर्यास्तापूर्वी जेवणास घरी पोहोचण्याची घाई असते. तो उतरायला जातो, ब्रेकवरचा पाय सुटतो. क्लचच्या गाडीत गिअर टाकून क्लच सोडला असता तर इंजिन आचका देऊन बंद पडले असते. इथे ते बंद पडत नाही. गाडी आपसूक पुढे सरकते. शटर आणि बॉनेट यांच्यामध्ये त्या वेळी हमाल असतो किंवा घरचे लेकरू. गोंधळून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर पुढचे बोलवत नाही. काही गाड्या दार उघडताच शिट्टी देतात, पण त्या शिट्टीवर कोणाचा जीव टांगू नये. उतरायचे तर आधी हँडब्रेक आणि मग इंजिन बंद.

‘पी’विषयीही गैरसमज आहे. ‘पी’मध्ये चाके अडवून धरणारी खीळ अगदी लहान असते. चढावर गाडीचा सारा भार तिच्यावर टाकू नये. ब्रेक दाबून ‘एन’, मग हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडी स्थिरावली की पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’, असा क्रम ठेवावा. अनेक स्वस्त गाड्यांत ‘पी’ नसतोच. तिथे हँडब्रेक चुकवून चालत नाही. उभी करताना दांडा कुठे ठेवावा हे पुस्तिकेत पाहावे.

लातूर-नांदेड रस्त्यावर उतार लागला की ‘एन’ करून पेट्रोल वाचविणारे व्यापारी अजून भेटतात. हा हिशेब उलटा आहे. आजच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बहुधा आपोआप तोडतात. ‘एन’मध्ये इंजिन इंधन जाळत राहते आणि इंजिनाचा रोधही जातो.

डावा पाय स्वस्थ ठेवावा; ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. ‘आर’वरून ‘डी’वर येताना गाडी पूर्ण थांबलेली असावी. वडीलधारी मंडळी उतरत असतील तर केवळ ब्रेकवर गाडी धरू नये. ‘पी’ किंवा ‘एन’ करून हँडब्रेक ओढावा आणि मागचे दार मिटल्याचा आवाज आल्यावरच दांड्याला हात लावावा.