बंद पडलेल्या गेमचा पंचनामा

‘स्कायरिम’ हा गेम 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आला आणि आजही जोमाने खेळला जातो. याचे श्रेय बेथेस्डा कंपनीला आहेच, पण काकणभर जास्त श्रेय मॉड, म्हणजे गेममधले हौशी फेरफार, बनवणाऱ्यांना द्यावे लागेल. फेब्रुवारी 2012 मध्ये कंपनीने ‘क्रिएशन किट’ हे साधन मोफत खुले केले आणि तेव्हापासून हजारो हौशी माणसांनी या गेममध्ये नवी गावे, नवी शस्त्रे, नवे हवामान, नव्या गोष्टी घातल्या, त्याही बहुतांशी विनामोबदला. दोन-दोनशे मॉड एकत्र लावून खेळणे हा आता नेम झाला आहे. आणि असा गेम खेळता खेळता अचानक नाहीसा होणे, समोर नुसता डेस्कटॉप उरणे, हाही.

अशा वेळी बहुतेक खेळाडू काल टाकलेला मॉड काढून बघतात. गेम चालू झाला की त्या मॉडच्या कर्त्याच्या नावाने खडे फोडून मोकळे होतात. आमचा आक्षेप या घाईला आहे. गेम कुठे पडला आणि कशामुळे पडला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

मुळात ‘स्कायरिम’ पडताना काहीच सांगून जात नाही. क्रॅशची नोंद लिहून ठेवण्याची सोय गेममध्ये नाही. तीही स्वयंसेवकांनीच ‘क्रॅश लॉगर’सारखे मॉड बनवून करून दिली. त्याने लिहिलेली फाइल, म्हणजे लॉग, उघडली की सुरुवातीच्याच एका ओळीत बहुधा ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ असे शब्द असतात. याचा अर्थ एवढाच की प्रोग्रॅम मेमरीतल्या अशा जागी गेला, जिथे त्याला जायची मुभा नव्हती. पुष्कळदा ती जागा म्हणजे निव्वळ शून्य असते: गेमला तिथे एखादी वस्तू अपेक्षित होती आणि काहीच सापडले नाही. त्याच ओळीत ‘स्कायरिमएसई डॉट ईएक्सई’ हे नाव असते. ते पाहून गेमच बिघडला असे समजणारे पुष्कळ आहेत. पण ठेच गेमला लागली म्हणजे दगड गेमनेच ठेवला असे होत नाही.

खरी माहिती त्याखाली असते. पडण्याच्या क्षणी गेम कोणत्या वस्तू हाताळत होता, त्यांची नावे आणि त्या कोणत्या प्लगइनमधून, म्हणजे मॉडच्या कोणत्या फाइलमधून, आल्या हे तिथे येते. समजा, गेममधल्या व्हाइटरन शहराच्या वेशीबाहेर एका ठरावीक जागी पोहोचलो की गेम पडतो आणि प्रत्येक लॉगमध्ये एकाच झाडाच्या मेशची, म्हणजे त्रिमितीय आकृतीची, फाइल दिसते. हा धागा पक्का मानावा. 2011च्या आवृत्तीसाठी घडवलेली मेश रूपांतर न करता 2016च्या ‘स्पेशल एडिशन’मध्ये वापरली की असे होऊ शकते, आणि ती फाइल दुरुस्त केली किंवा काढली की विषय संपतो. पण प्रत्येक लॉगमध्ये वेगळेच नाव येत असेल, तर त्यातले कुठलेही नाव आरोपी समजू नये. तिथे ती वस्तू योगायोगाने हजर होती, इतकेच.

हजर असलेला आणि दोषी असलेला यांत किती अंतर असू शकते याचे उत्तम उदाहरण नॅव्हमेशचे आहे. गेममधली पात्रे कुठून चालू शकतात याचा अदृश्य नकाशा म्हणजे नॅव्हमेश. एका मॉडने घर बांधताना तिथला नॅव्हमेश पुसून टाकला आणि दुसरा मॉड त्याच नॅव्हमेशचा आधार घेऊन उभा असला, तर गेम नसलेली गोष्ट शोधायला जातो आणि पडतो. नाव येते दुसऱ्याचे, चूक असते पहिल्याची. कंपनीच्या स्वतःच्या ‘डॉनगार्ड’, ‘ड्रॅगनबॉर्न’ यांसारख्या विस्तारांच्या फायलींतही अशा पुसलेल्या नोंदी होत्या. त्या शोधून साफ करण्याचे ‘एक्सएडिट’ हे साधन आणि प्लगइनचा क्रम लावून देणारे ‘लूट’, दोन्ही खेळाडूंमधल्याच जाणकारांनी बनवली. ‘पपायरस’ लॉगचीही अशीच गल्लत होते. तो स्क्रिप्टच्या, म्हणजे गेममधल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, तक्रारींचा लॉग आहे. त्यातल्या बहुतेक तक्रारी गेम पचवून पुढे जातो. शेवटची ओळ ज्या मॉडची, तोच गुन्हेगार, हा समज निराधार आहे.

लॉग काहीच सांगत नसेल, तेव्हा निम्मे मॉड बंद करून पाहण्याची जुनी रीत उरते. गेम पडला नाही तर दोष बंद केलेल्या निम्म्यात, पडला तर चालू असलेल्यांत. दोनशे मॉडमधला एकटा दोषी असा सात-आठ फेऱ्यांत हाती लागतो. मात्र इथे पथ्य पाळावे लागते. ज्या मॉडवर दुसरे मॉड अवलंबून आहेत तो बंद केला आणि आश्रित चालू ठेवले, तर गेम मुख्य मेनूच्या आधीच कोसळेल आणि आपण भलत्याच वाटेला लागू. दुसरे म्हणजे ही तपासणी जुन्या सेव्हवर करू नये. काढलेल्या मॉडच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये चिकटून राहतात आणि असा सेव्ह पुढे कोणत्या कारणाने दगा देतो हे सांगता येत नाही. मेनूवरूनच कन्सोल उघडून ‘सीओसी रिव्हरवूड’ असा हुकूम दिला की कोऱ्या पात्रासह थेट त्या गावात उतरता येते. तपासणीला तेवढे पुरते. आणि एका वेळी एकच बदल. धीर सुटला की माणूस ड्रायव्हर बदलतो, क्रम बदलतो, चार मॉड काढतो. गेम चालतो खरा, पण कशाने चालला ते कायमचे अंधारात राहते.

जुन्या सल्ल्यांपासूनही जपावे. 2011चा गेम 32 बिटांचा होता. त्याला फार तर 4 जीबी मेमरी वापरता येई, त्यामुळे जड टेक्श्चर हे क्रॅशचे मोठे कारण होते. ऑक्टोबर 2016 मध्ये 64 बिटांची ‘स्पेशल एडिशन’ आली आणि ती मर्यादा गेली, तरी तेव्हाचे तोडगे अजून सांगितले जातात. उलट, एसएसडी झिजू नये म्हणून विंडोजची पेज फाइल (मेमरीला पूरक म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची जागा) बंद केली की मेमरी शिल्लक दिसत असूनही मॉड लावलेला गेम पडू शकतो. कधी दोष मॉडमध्ये नसतोच. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने 2024 मध्ये मान्य केले. तोवर किती निरपराध मॉड बदनाम झाले असतील!

आता कंपन्यांकडे वळू. 11 नोव्हेंबर 2021 रोजी दहाव्या वर्धापनदिनी ‘स्कायरिम’ची नवी आवृत्ती आली आणि मॉडना जादा क्षमता देणाऱ्या ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या साधनावर बेतलेले असंख्य मॉड एका दिवसात निकामी झाले. हे मॉड गेमच्या प्रोग्रॅममधल्या नेमक्या पत्त्यांवर जाऊन काम करतात. प्रोग्रॅम नव्याने बांधला की पत्ते बदलतात. बेथेस्डाच्याच ‘फॉलआउट 4’च्या 25 एप्रिल 2024च्या अपडेटने हेच केले. ‘फॉलआउट लंडन’ हा स्वतंत्र गेमच्या तोडीचा मॉड दोन दिवस आधी यायचा होता. त्या अपडेटपायी तो 25 जुलैला आला, आणि खेळण्यासाठी गेम जुन्या आवृत्तीवर न्यावा लागला.

अपडेट करण्याचा कंपनीचा हक्क आम्हाला मान्य आहे. पण मॉडमुळे ज्या गेमचे आयुष्य वाढते, त्याच्या मालकाने दोन गोष्टी तरी कराव्यात. ‘माइनक्राफ्ट’ची जावा आवृत्ती पडली की ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ फोल्डरमध्ये स्वतः अहवाल लिहून ठेवते. मग बेथेस्डाच्या खेळाडूंनी त्यासाठी स्वयंसेवकांच्या तोंडाकडे का पाहावे? दुसरी गोष्ट जुन्या आवृत्त्यांची. ‘स्टीम’वर ‘बीटा’ विभागात त्या उपलब्ध ठेवण्याची सोय आहे. ‘फॅक्टोरियो’, ‘रिमवर्ल्ड’, ‘स्टेलारिस’ यांचे कर्ते ती वापरतात. ‘स्कायरिम’च्या खेळाडूंना मात्र 1.5.97 या जुन्या आवृत्तीवर परतण्यासाठी कुणा हौशी माणसाने बनवलेला पॅचर शोधावा लागला.